विरजणाच्या वेळी एक गोळी



मागे कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते ते लिहिलं, तेव्हा पत्रांचा नुसता पाऊस पडला होता. प्रत्येकीने नाव, पत्ता, वर आपल्या आजीची कृतीसुद्धा धाडली होती. या वेळी आलेल्या एका पत्रावर मात्र नाव नाही, गाव नाही. अवघ्या चार ओळी. "माझे यजमान नोकरीसाठी बाहेरगावी असतात, महिन्यातून दोनदा घरी येतात. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या ते येतील तेव्हाच घेतल्या तर चालेल का? रोज औषध पोटात घालायची भीती वाटते. इथे कोणाला विचारायची सोय नाही."

बाई, तुम्ही कुठल्या ते मला ठाऊक नाही, पण उत्तर आधी देते, कारण मागाहून सांगते. चालणार नाही. यजमान येवोत न येवोत, ही गोळी रोजच घ्यावी लागते. आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, आमच्या चाळीत पाहिलेलं सांगते.

लालबागला आमच्या मजल्यावर एक शेजारीण होती. दोन मुलं, नवरा नाशिकला कारखान्यात. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटे जायचा. हिने मसाल्याच्या एका दुकानात हिशेब लिहायचं काम धरलं होतं. स्वतःच्या हाताने मिळवलेले पहिले पैसे, त्यामुळे तिची चालच बदलली होती. गोळ्या ती मोठ्या इमानाने घ्यायची, शनिवारी एक आणि रविवारी एक. पाकीट जवळजवळ तीन महिने पुरायचं. तिला वाटायचं, काटकसर झाली! पाचव्या महिन्यात दिवस राहिले. नोकरी गेली, आणि वर घरच्या मंडळींनी निकाल दिला की "सगळ्या गोळ्या खोट्या, सरकारी माल असाच." तिसरा मुलगा आता शाळेत जातो, घरात सगळ्यांचा लाडका आहे, त्याच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. पण ती मला एकदा म्हणाली होती, "वहिनी, डोकं दुखलं की गोळी घेतो ना आपण, तसंच वाटलं मला." यात तिचा मूर्खपणा कुठे होता? "रोज एक" एवढं तिला सांगितलं होतं, पण रोज का ते कोणी सांगितलंच नव्हतं.

तर का ते पाहू. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेली, दुपारी दादरच्या शाळेत मुलांना मराठी शिकवणारी बाई आहे. पण माहितीतल्या एका डॉक्टरीणबाईंकडून हे नीट समजून घेतलं आहे.

आपल्या बीजकोशातून महिन्याला साधारण एक बीज बाहेर पडतं. ते आपल्या मनाने पडत नाही, त्याला वरून हुकूम यावा लागतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, ती रक्तातून संदेश सोडते आणि मग बीज पिकतं, फुटून निघतं. परळ-लालबागच्या जुन्या माणसांना हे समजायला सोपं जाईल. गिरणीचा भोंगा झाला की चाळीचाळींतून माणसं डबे घेऊन निघायची. १९८२ च्या संपानंतर ते भोंगे एकेक करून थांबले, आता त्या जागी मनोरे उभे आहेत, पण सासूबाईंच्या कानात तो आवाज अजून आहे. पिट्यूटरीचा संदेश म्हणजे तो भोंगा. गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या आपल्याच शरीरातल्या दोन हार्मोनांची नक्कल असते. ती रोज थोडी थोडी रक्तात राहिली की वरच्या ग्रंथीला वाटतं, खाली कामकाज चालू आहे, भोंगा द्यायची गरज नाही. भोंगा नाही, म्हणून बीजही निघत नाही.

याशिवाय गोळीमुळे गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव दाट होतो, पुरुषबीज आत शिरायला वाट मिळत नाही. गर्भाशयाचं आतलं अस्तरही पातळ राहतं. पण मुख्य काम भोंगा थांबवण्याचं.

आता शेजारणीचं गणित कुठे चुकलं ते दिसेल. शनिवार-रविवारच्या दोन गोळ्यांचा अंमल सोमवार-मंगळवारी ओसरला, बुधवार-गुरुवारी ग्रंथीला जाग आली, भोंगा झाला, बीज तयार. नवरा शनिवारी आला तेव्हा तिने पुन्हा एक गोळी घेतली, पण निघालेलं बीज गोळी परत आत कशी घालणार? बीजकोश झोपवायला ओळीने सात दिवस सात गोळ्या लागतात. हा सातचा आकडा पुढे पुन्हा येणार आहे, तो लक्षात ठेवा.

सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ती माला-एन, विकत मिळते ती माला-डी, औषध दोन्हींत एकच. पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ पांढऱ्या आणि ७ काळपट. पांढऱ्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम असतं. जिऱ्याचा एक दाणा याच्या कितीतरी पट जड भरेल. "रोज औषध" म्हणून धास्तावणाऱ्या मैत्रिणीने हे माप जरूर ध्यानात घ्यावं. आपल्या आया-मावशांनी ऐकलेल्या भीतीला कारण होतं, ते खोटं नव्हतं. १९६० साली अमेरिकेत पहिली गोळी या कामासाठी मंजूर झाली तेव्हा तिच्यात औषधाचं प्रमाण आजच्या कित्येक पटींनी जास्त होतं आणि त्रासही तसाच व्हायचा. गोळी बदलली, भीती मात्र घराघरातून वारसाहक्काने चालत आली.

काळपट सात गोळ्या निव्वळ लोहाच्या. त्या पोटात असताना पाळी येते. त्यांनी गर्भ राहणं थांबत नाही, पण एक मोठं काम होतं, रोजची सवय मोडत नाही. त्या सात दिवसांतही तुम्ही सुरक्षित असता, अट एकच, आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू झालंच पाहिजे. कारण हे सात दिवस म्हणजे बीजकोशाला दिलेली जास्तीत जास्त सुट्टी. सुट्टी एक-दोन दिवसांनी वाढली तरी भोंग्याची तयारी सुरू होते. म्हणून माझ्या मते पाकिटातली सगळ्यांत नाजूक गोळी म्हणजे नव्या पाकिटाची पहिली पांढरी. बायका मधली विसरली की घाबरतात आणि पहिली दोन दिवस उशिरा सुरू करताना मात्र निर्धास्त असतात! आमच्या शाळेतल्या एका बाईंचं असंच झालं. गणपतीला गावी गेल्या, काळ्या गोळ्या "त्या काय, लोहाच्याच" म्हणून मुंबईत ठेवल्या, नवं पाकीटही इथेच राहिलं, आणि गौरी-गणपती आटोपून, एस.टी. मिळेल तशी मिळवून परत येईपर्यंत सुट्टीचे दहा दिवस झाले. सुदैवाने काही घडलं नाही, पण पुढची पाळी येईस्तोवर त्यांचं वर्गात लक्ष नव्हतं. गावी जाताना बॅगेत आधी पुढचं पाकीट टाका, मग भजनाला नेसायची साडी.

सुरुवात कधी करायची? पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत केव्हाही. मग पहिल्या दिवसापासूनच संरक्षण मिळतं. त्यानंतर सुरू केलीत, तर दिवस राहिले नाहीत याची खात्री करून घ्यायची आणि पहिले सात दिवस यजमानांनी निरोध वापरायचा. (आला का सात?)

वेळ ठरलेली हवी. मी स्वतः काही वर्षं ही गोळी घेतली आहे, तेव्हा रात्री दुधाला विरजण लावताना घ्यायची. विरजण लावायचं आपण कधी विसरत नाही ना, मग त्याच्याच शेपटीला गोळी बांधून टाकली. रात्री जेवून घेतली की मळमळही झोपेत निघून जाते. काहीजणी पाकीट तांदळाच्या डब्यात, देव्हाऱ्यामागे, साड्यांच्या घडीत लपवतात. दहा बाय बाराच्या खोलीत दुसरं करणार काय, हेही मला कळतं. पण लपवलेली वस्तू विसरली जाते. निदान नवऱ्याला ठाऊक असू द्या, म्हणजे एक विसरला तर दुसरा आठवण करील.

आता विसरण्याबद्दल. एक पांढरी गोळी राहिली तर आठवेल त्या क्षणी घ्या आणि त्या दिवशीची तिच्या वेळेला घ्या. एका दिवसात दोन झाल्या तरी बिघडत नाही. ओळीने दोन किंवा जास्त राहिल्या, तर एक लगेच घ्या, बाकी राहिलेल्या सोडून द्या, पुढे रोज एक चालू ठेवा आणि सात पांढऱ्या ओळीने पोटात जाईपर्यंत निरोध वापरा. हे पाकिटाच्या पहिल्याच आठवड्यात घडलं आणि मधे संबंध आलेला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना ताबडतोब विचारा. ती ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटच्या आठवड्यात घडलं, तर उरलेल्या पांढऱ्या संपवा, काळ्या टाकून द्या आणि दुसऱ्याच दिवशी नवं पाकीट धरा, म्हणजे सुट्टी मिळतच नाही. काळी गोळी विसरलात तर खुशाल टाका, आकडा मात्र चुकवू नका. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. जुलाब-उलट्या दोन दिवसांहून जास्त चालल्या तर गोळ्या विसरल्याचाच नियम लावा.

बिनचूक घेतली तर वर्षभरात हजार बायकांत तिघींना दिवस राहतात. पण आपण सगळ्याजणी संसारात जशा घेतो तशी, विसरत-आठवत घेतली, तर शंभरात सुमारे सात जणींना. दोन आकड्यांत केवढा फरक! हा फरक औषधाचा नाही, विरजणाच्या वेळेचा आहे.

पहिले दोन-तीन महिने मळमळ, छाती जड वाटणं, मधेच डाग दिसणं हे होतं. आमच्याकडे याला "गोळी उष्ण पडली" म्हणतात आणि बाई गोळी मधेच सोडते. डाग दिसले म्हणून सोडू नका, शरीर सरावलं की बहुतेकींचे थांबतात. पाळीचं पोट दुखणं कमी होतं, अंगावरून जाणंही कमी होतं. गोळीने वांझपण येत नाही, थांबवली की बीज पुन्हा निघू लागतं. अधूनमधून "शरीराला विश्रांती" म्हणून सोडायचीही गरज नाही, त्या विश्रांतीतच कितीजणींना दिवस राहतात. न कळत दिवस राहिलेले असताना गोळी घेतली गेली, तर बाळाला अपाय होत नाही, कळल्यावर थांबवावी. कर्करोगाचं विचाराल तर बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका गोळीने कमी होतो. स्तनाचा, गोळी चालू असेपर्यंत, किंचित वाढतो. बरीच वर्षं घेतली तर गर्भाशयाच्या तोंडाचाही थोडा वाढतो, म्हणून ती तपासणी चुकवू नये. दोन्ही बाजू सांगितल्या.

पण ही गोळी सगळ्यांसाठी नाही, आणि इथे मी कडक बोलणार आहे. शेजारणीच्या पाकिटातली उसनी घ्यायची ही वाटीभर साखर नव्हे. रक्तदाब १४०/९० किंवा वर असेल, पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी कधी झाली असेल, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग यांपैकी काही असेल, तर नको. डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं होऊन अर्धशिशी उठत असेल, तर नको. पस्तिशी उलटली आणि धूम्रपान असेल तर नको, आणि मिश्रीची सवय असेल तर न लाजता डॉक्टरांना सांगावं. अंगावर पाजत असाल, तर बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ही गोळी नको. मधुमेह असेल तर आधी विचारून.

आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाते. आपल्या परळ-शिवडी भागात क्षयाचं नाव कोणाला नवीन नाही. क्षयावरच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं या गोळीचा जोर मोडतात. गोळी रोज घेऊनही दिवस राहू शकतात. तेव्हा क्षयाच्या डॉक्टरांना गोळीबद्दल आणि गोळी देणाऱ्यांना क्षयाबद्दल सांगितलंच पाहिजे.

गुठळीचा धोका खरोखर किती? गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण बायकांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते, या जातीची गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर याहूनही जास्त. धोका लहान आहे, पण आहे. म्हणून पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, छातीत कळ आली, दम लागला, कधी नव्हे असं डोकं दुखलं, दिसेनासं झालं किंवा डोळे पिवळे दिसले, तर "उद्या बघू" म्हणू नका, गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

लालबागला राहून एक विषय टाळणं शक्यच नाही. श्रावण सुरू झाला की औषधाच्या दुकानात "पाळी पुढे ढकलायची गोळी" मागणाऱ्यांची रीघ लागते. ती गोळी वेगळी, तिच्यात बहुधा एकट्या नॉरेथिस्टेरॉनचा डोस असतो. तशी चार दिवस घेतली म्हणजे कुटुंबनियोजन झालं असं मुळीच नाही, आणि गुठळीचा त्रास झालेल्या बाईने ती विचारल्याशिवाय घेऊ नये. तुम्ही मालासारखी गोळी आधीपासून घेत असाल, तर तिची गरजच नाही. पांढऱ्या २१ संपल्या की काळ्या वगळून लागलीच पुढच्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू करायच्या, पाळी पुढे जाते. सणाला पाळी चालते की नाही, या वादात मी इथे पडत नाही. आमच्या घरात तो वाद गेली बारा वर्षं चालू आहे, तेवढा पुरे.

"कोणाला विचारायची सोय नाही" हे त्या पत्रातलं वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. याच मुंबईत १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा गोळी कोणाच्या स्वप्नातही नव्हती. गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवत. १९२५ मध्ये या कार्यापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं, खटले सोसले, मालतीबाईंनी त्यांच्याबरोबर ओढग्रस्तीचा संसार केला. त्यांच्यावरच्या १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. १९४९ मध्ये मुंबईतच धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन स्थापली, आणि या विषयावर संशोधन करणारी सरकारी संस्था आज परळलाच आहे. एवढं सगळं आपल्या दाराशी घडूनही एका बाईला निनावी पत्र लिहावं लागतं!

तेव्हा पत्रलेखिके, महापालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जा, फक्त रक्तदाब मोजून घ्यायचा आहे असं सांगून गेलात तरी चालेल. तिथल्या नर्सबाईंना एकटं गाठून विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत आणि माला-एनलाही नाहीत. रोजची गोळी जमणारच नाही असं वाटलं, तर तिथे छाया नावाची गोळी मिळते. ती लखनौच्या प्रयोगशाळेत तयार झालेली, हार्मोन नसलेली. पहिले तीन महिने ठरलेल्या दोन वारी, म्हणजे आठवड्यातून दोनदा, आणि नंतर आठवड्याला एक. अंगावर पाजणाऱ्या बाईलाही चालते. पण तीसुद्धा ठरल्या वारी घ्यायची, यजमानांच्या गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे नाही. ते महिन्यातून दोनदाच येतात, म्हणून निरोधचाही विचार करा. त्याला रोजचा हिशेब लागत नाही, आणि लैंगिक संबंधातून लागणाऱ्या रोगांपासून तोच वाचवतो, गोळी नाही.

माझी शेजारीण आता आमच्या चाळीत नाही, पुनर्विकासात ती मंडळी दुसरीकडे गेली. गेल्या दिवाळीत फराळाला आली होती. मसाल्याच्या दुकानात पुन्हा जाते, पुन्हा हिशेबच लिहिते. पर्समधून पाकीट काढून मला दाखवलं, प्रत्येक गोळीखाली बॉलपेनने वार लिहिलेला. "आता नाशिकला असोत की घरात," म्हणाली, आणि माझ्या चकल्यांत मोहन कमी पडल्याचं सांगून गेली.